दाणा काढावा की राहू द्यावा? : प्रस्तावना

हुबळी-धारवाडमध्ये कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याला कमी उजेडाची सवय करून घ्यावीच लागते. इथे टिपावेसे वाटते त्यातले पुष्कळसे दिवेलागणीनंतर घडते, नाहीतर दगडी भिंतींच्या आड असते. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ मैफल बसते, ती रात्र चढेल तशी रंगते. सिद्धारूढ मठाचा रथ ओढला जातो तेव्हा उन्हे कलून गेलेली असतात. उणकलचे चंद्रमौळेश्वर मंदिर चालुक्यांच्या काळातले. त्याला चारी दिशांना दारे आहेत, तरी आत शिरले की खांबांमागे अंधारच. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही, म्हणजे श्वास रोखून, कॅमेरा हातात धरूनच फोटो काढायचा. आणि आषाढात धारवाडवर ढग उतरले की साधनकेरीच्या तळ्याकाठी भर दुपारीही आयएसओ वाढवावा लागतो.

गाणाऱ्याच्या तोंडावर फ्लॅश मारू नये, गाभाऱ्यात मारू नये, हे कुणाला सांगावे लागत नाही. मग आयएसओ ३२००, ६४०० असा चढत जातो. घरी येऊन फोटो संगणकावर मोठा करून पाहिला की सावल्यांमध्ये दाणे दिसू लागतात, काही करडे, काही लाल-हिरवे-जांभळे. यालाच आपण नॉइज म्हणतो. संपादनाच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो काढण्याची एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवणे इतके सोपे झाले आहे की ती सरकवावी का, हे विचारायचेच राहून जाते. हे पुस्तक त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे.

दाणा येतो कुठून, हे आधी पाहायला हवे. नव्याने शिकणारा बहुधा कॅमेऱ्याला दोष देतो, पण दाण्याचा मोठा हिस्सा खुद्द प्रकाशातूनच आलेला असतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि ते कण मोजूनमापून पडत नाहीत. वळवाच्या पहिल्या शिंतोड्यात अंगणात सारखी भांडी ओळीने मांडली तर एकात तीन थेंब पडतील, शेजारच्यात सात. तासभर पाऊस झाल्यावर मात्र सगळ्यांतले पाणी जवळजवळ सारखे दिसते. सेन्सरवरच्या पिक्सेलचेही तसेच आहे. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडणार असतील तर त्यातला चढउतार १००च्या आसपास असतो, म्हणजे एक टक्का, आणि तो डोळ्याला जाणवतही नाही. सरासरी १०० कणच पडणार असतील तर चढउतार १०चा, म्हणजे दहा टक्के, आणि तो लगेच दिसतो. चढउतार कणांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, म्हणून दाणा सावलीत जास्त आणि उजेडात कमी. कितीही महागडा कॅमेरा घेतला तरी हा हिशेब बदलत नाही.

त्यावर यंत्राची स्वतःची भर पडते. पिक्सेलवर जमलेला विद्युतभार वाचताना थोडी चूक होते. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात भार साठू लागतो, आणि तापमान सहा ते आठ अंशांनी वाढले की ही गळती ढोबळमानाने दुप्पट होते. मे महिन्याच्या रात्री नृपतुंग टेकडीवरून शहराच्या दिव्यांचा मिनिटभराचा फोटो घेणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे. तोच फोटो डिसेंबरात स्वच्छ येतो.

आयएसओविषयी एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. आयएसओ वाढवल्याने दाणा येतो, असे सर्रास सांगितले जाते. खरे कारण उजेड कमी पडला हे असते. आयएसओ फक्त मिळालेला संकेत मोठा करून दाखवतो. त्यामुळे दाण्याच्या भीतीने आयएसओ ८००वर अडून राहणे, अंधारलेला फोटो काढणे आणि घरी तो दोन स्टॉप उजळणे यात काहीच फायदा नाही. तेवढाच शटर आणि तेवढेच अ‍ॅपर्चर ठेवून ३२००वर काढलेला फोटो त्याच्याइतका तरी चांगला येतो, पुष्कळ कॅमेऱ्यांत अधिक चांगला. मैफलीत ही भीती फार नुकसान करते. ख्यालाच्या आलापीत १/६० सेकंद चालून जातो, पण तान घेताना हात आणि मान हलते तेव्हा १/२५० लागतो. दाणा टाळायला शटर मंद ठेवला तर चेहरा हलतो. हललेला चेहरा कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळसर पट्टे येतात, त्यांनाही लोक नॉइज समजतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात आणि शटर वेगवान असला की ते मिणमिणणे पट्ट्यांच्या रूपाने उमटते. त्यावर उपाय शटरमध्येच आहे. शक्य तेव्हा १/५० किंवा १/१०० ठेवावा. दाणा काढण्याची पट्टी इथे काहीही करू शकत नाही.

आता थोडा इतिहास. फिल्मच्या काळात दाणा चांदीच्या क्षारांच्या कणांतून येत असे. फिल्म जितकी वेगवान तितके कण मोठे, आणि कण जितके मोठे तितका दाणा ठसठशीत. ३५ मिलिमीटरची कोडॅक ट्राय-एक्स १९५४ साली आली आणि वृत्तछायाचित्रकारांच्या दोन पिढ्यांनी तिच्यावर काम केले. आपल्याकडे १९६० साली ऊटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स स्थापन झाली आणि तिच्या ‘इंदू’ रोलवर गावोगावचे स्टुडिओ चालले. किती दाणा हवा हे तेव्हा दुकानात रोल घेतानाच ठरत असे. नंतर तो काढण्याची सोय नव्हती, म्हणून त्याच्याशी भांडणही नव्हते. जपानमध्ये तर १९६८ साली सुरू झालेल्या ‘प्रोव्होक’ नियतकालिकाभोवतीच्या दाइदो मोरियामांसारख्या छायाचित्रकारांनी खरबरीत दाण्यालाच आपली भाषा केले. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा गंगूबाई हनगल यांची उतारवयातली कृष्णधवल छायाचित्रे आठवून पाहा. त्यातला दाणा आपल्याला खुपत नाही, कारण नजर थेट त्यांच्या डोळ्यांकडे जाते.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हा सेन्सर शोधला. त्यासाठी त्यांना २००९चे नोबेल मिळाले. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो १०० गुणिले १०० पिक्सेलचा होता. त्याच कंपनीच्या ब्राइस बेयर यांनी पिक्सेलांवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी बसवण्याची जी रचना दिली (पेटंट १९७६चे), ती आजही बहुतेक प्रत्येक कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये आहे. रंगीत डागांचा उगम इथेच आहे. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात, आणि शेजाऱ्यांचे माप चुकलेले असेल तर ती चूक रंगाच्या डागासारखी पसरते. पुढे १९९०च्या दशकात एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीमॉस सेन्सर पुढे आणला. २००७ साली निकॉन डी३ने आयएसओ ६४००वर वापरण्याजोगा फोटो दिला आणि रात्रीच्या मैफली व लग्नाच्या वराती टिपणाऱ्यांचे जगच बदलले.

दाणा काढण्याच्या विद्येत मला चार घराणी दिसतात. इथल्या मातीत हा शब्द वापरताना संकोच वाटत नाही. पहिले घराणे उजेड जमवणाऱ्यांचे. अ‍ॅपर्चर उघडा, कॅमेरा टेकवा, एकाच दृश्याचे अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढा, असे ते सांगते. सोळा फोटोंच्या सरासरीत दाणा चौथाई होतो. खगोलछायाचित्रकार हेच करतात. हे सर्वांत प्रामाणिक घराणे, कारण यात जे मिळते ते खरोखर मोजलेले असते. पण गाणारा माणूस सोळा फोटोंपुरता स्थिर बसत नाही.

दुसरे घराणे गणितज्ञांचे. शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेतली तर दाणा जातो, पण कडाही पुसट होतात. कडा राखून दाणा कसा काढायचा, यावर त्यांनी कित्येक वर्षे घालवली. रुडिन, ओशर आणि फातेमी यांची १९९२ची पद्धत, टोमासी आणि मंडुची यांचा १९९८चा बायलॅटरल फिल्टर, बुआदेस, कोल आणि मोरेल यांनी २००५ साली मांडलेले नॉन-लोकल मीन्स, २००७चे बीएम३डी हे त्यातले ठळक टप्पे. नॉन-लोकल मीन्सची कल्पना मला आजही सुंदर वाटते. फोटोत एकसारखे दिसणारे तुकडे दूरदूर विखुरलेले असतात, ते शोधून एकमेकांशी ताडून पाहायचे. इरकली लुगड्याच्या काठावर एकच नक्षी पुन्हापुन्हा येते, तिथे ही पद्धत फार छान चालते.

तिसरे घराणे शिकवलेल्या यंत्राचे. २०१७च्या सुमारास न्यूरल नेटवर्कवरच्या पद्धती जुन्या गणिती पद्धतींना मागे टाकू लागल्या. २०२० साली डीएक्सओची डीपप्राइम आली आणि २०२३च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइजचे बटण आले. त्यांचे निकाल थक्क करणारे आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. चौथे घराणे दाणा राहू देणाऱ्यांचे, आणि त्यांचा आळशी म्हणून उपहास करणे बरोबर नाही.

यातले कुठलेच घराणे सर्वकाळ बरोबर नाही. निर्णय फोटोगणिक घ्यावा लागतो, आणि तो घेताना माझ्या मते पहिला प्रश्न एकच असतो : हा फोटो कुठे, केवढा आणि कुणाला दिसणार आहे?

हा प्रश्न विचारला की निम्मे काम संपते. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा असतो. तो फोनवर पाहण्यासाठी १५०० पिक्सेलपर्यंत लहान केला की सोळा पिक्सेलांचा एक होतो आणि त्या सोळांची सरासरी आपोआप निघते, म्हणजे बारीक दाणा चौथाई उरतो. वर्तमानपत्राच्या कागदावर तर छपाईच्या ठिपक्यांतच तो हरवतो. आठ बाय बाराच्या प्रिंटवर आयएसओ ३२००चा दाणा हातभर अंतरावरून क्वचितच दिसतो. तरीही आपण पडद्यावर शंभर टक्के मोठा करून, नाक टेकवून पाहतो आणि घाबरतो. प्रेक्षक त्या अंतरावरून फोटो कधीच पाहणार नसतो. उलट तोच फोटो सभागृहाच्या भिंतीवर चार फुटांचा लागणार असेल आणि लोक जवळ जाऊन पाहणार असतील, तर दाण्याचा विचार करावा लागतो.

दुसरा भेद रंगाचा. रंगीत डाग आणि करडा दाणा यांना एकच वागणूक देऊ नये. रंगीत डाग मोठे, ढगळ असतात. फोटो लहान केला तरी ते टिकतात आणि गव्हाळ वर्णावर जांभळे चट्टे उठलेले दिसतात. आपली नजर रंगातले बारकावे फारसे टिपत नाही, म्हणून रंगीत डाग काढल्याने सहसा काही गमावत नाही. ते बिनधास्त काढावेत. करड्या दाण्याचे तसे नाही. कापडाचा पोत, केसांची बट, तंबोऱ्याच्या तारा, त्वचेवरच्या रेषा हे सगळे त्याच उजेड-सावलीच्या बारीक फरकांत असते. दाणा काढणाऱ्याला पुष्कळदा दाणा कुठला आणि पोत कुठला हे कळत नाही.

याचे सर्वांत अवघड उदाहरण धारवाडच्याच कपाटात आहे : काळ्या चंद्रकळेवरचा कसुतीचा कशिदा. हे काम कापडाचे धागे मोजून करतात, त्यात गाठ मारत नाहीत. गवंती टाक्यात आणि मुर्गी टाक्यात कापडाची उलट बाजूही सुलट बाजूसारखीच दिसते. नेयगी विणकामासारखा भासतो, मेंथी फुलीफुलीचा. गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती अशा आकृती एकेका धाग्याच्या हिशेबाने उभ्या राहतात. आता पाहा, पार्श्वभूमी काळी, म्हणजे तिथे प्रकाशकण सर्वांत कमी आणि दाणा सर्वांत जास्त. कशिदा अतिशय बारीक, म्हणजे दाण्याच्याच मापाचा. संध्याकाळी कार्यालयाच्या दिव्यांखाली काढलेल्या अशा फोटोवर पट्टी साठ-सत्तरपर्यंत नेली तर कापड मेणकापडासारखे गुळगुळीत होते आणि गवंतीचे एकेक टाके एकमेकांत मिसळून सलग रेघ होऊन बसतात. ज्या बाईने डोळे ताणून ते मोजले, तिचे काम त्या पट्टीने पुसलेले असते. मला अशा वेळी दाणा परवडतो. रंगीत डाग काढावेत, काळ्या कापडाचा मोकळा भाग निवडून तेवढ्यावर हलका हात फिरवावा आणि कशिद्याला हातही लावू नये. गुळेदगुड्डच्या खणालाही हाच नियम.

पावसाचे तसेच. धारवाडची भुरभुर फोटोत दाण्याएवढीच दिसते आणि जोरदार सफाईत पाऊसच नाहीसा होतो. आकाशाबाबत आणखी एक गंमत आहे. पूर्ण गुळगुळीत केलेले संध्याकाळचे आकाश जेपीईजीमध्ये पायऱ्यापायऱ्यांचे दिसू लागते. थोडा दाणा राहिला तर त्या पायऱ्या लपतात. म्हणून काही जाणकार सफाईनंतर मुद्दाम थोडा दाणा परत घालतात.

हा विषय आजच का काढायचा? कारण हा निर्णय आता आपल्या हातून निसटू लागला आहे. २०१८ साली गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये नाइट साइट आले आणि पाठोपाठ बहुतेक फोन रात्रीच्या फोटोसाठी अनेक चौकटी घेऊन जोडू लागले. चौकटी जोडणे ही पहिल्या घराण्याची जुनीच युक्ती, त्यात गैर काही नाही. त्यापुढे मात्र फोन किती पुसतो आणि किती रंगवतो हे आपल्याला विचारत नाही. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेलेला फोटो घरातल्यांना गोड वाटतो, आणि वीस वर्षांनी आजीचा खरा चेहरा कुठेच सापडत नाही.

शिकवलेल्या यंत्राबाबतची माझी काळजी याहून मोठी आहे. जिथे माहिती पुरेशी नसते तिथे ते यंत्र पूर्वी पाहिलेल्या लाखो फोटोंवरून काय शोभेल ते भरते. लग्नाच्या फोटोत झाडाची पाने अशी भरली गेली तर बिघडत नाही. शिलालेखात बिघडते. १९३९ साली धारवाडात कन्नड संशोधन संस्था उभी राहिली आणि शिलालेख वाचण्याची या गावाची परंपरा जुनी आहे. झिजलेल्या हळेकन्नड अक्षराचा अंधुक फोटो यंत्राने स्वच्छ केला, त्यात एखादी वेलांटीसारखी रेघ वाढली किंवा गळली, तर वाचन बदलते. वाचणाऱ्याला तो बदल दिसतही नाही, कारण फोटो आता निर्मळ दिसतो. दाणेदार फोटो निदान सांगतो की इथे खात्री नाही. म्हणून नोंदीसाठी काढलेल्या कोणत्याही फोटोवर, मग तो शिलालेख असो, मूर्ती असो वा हस्तलिखित, अशा यंत्राचा वापर करू नये असे मी स्पष्टपणे म्हणतो. तिरपा प्रकाश टाका, अनेक चौकटी घ्या, त्यांची सरासरी काढा. काढलाच सफाईचा प्रयोग, तर मूळ फाइल सोबत ठेवा आणि काय केले ते लिहून ठेवा.

या पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. कुठला कॅमेरा घ्यावा हे ते सांगत नाही. सॉफ्टवेअरची बटणेही शिकवत नाही, कारण ती दर वर्षी बदलतात. उदाहरणांसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत मिळणारी साधने वापरली आहेत, म्हणजे महागडी वर्गणी नसलेल्या विद्यार्थ्यालाही प्रत्येक प्रयोग करून पाहता येईल. मैफल, मंदिर, लग्नघर, रथोत्सव, पाऊस, कापड, जुने कागद असे विषय घेऊन प्रत्येक ठिकाणी निर्णय कसा घेतला आणि का घेतला, हे उलगडण्याचा प्रयत्न आहे. काही ठिकाणी एकाच फोटोचे दोन निर्णय शेजारी ठेवले आहेत, कारण दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते.

वाचक म्हणून माझ्या डोळ्यांपुढे हुबळीच्या लग्नसराईत धावपळ करणारा तरुण छायाचित्रकार आहे, धारवाडच्या महाविद्यालयात इतिहास शिकणारी आणि फोनवर मंदिरे टिपणारी विद्यार्थिनी आहे, आणि निवृत्तीनंतर हौसेने कॅमेरा घेतलेले, दर रविवारी गाण्याला जाणारे गृहस्थ आहेत. तिघांनाही गणित येत असावे अशी अपेक्षा नाही. लागेल तेवढे गणित पुस्तकातच आहे, आणि ते वर सांगितलेल्या वर्गमुळापेक्षा फारसे पुढे जात नाही.

वाचकाला एकच विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपला एखादा दाणेदार म्हणून बाजूला टाकलेला फोटो निवडा. त्याला काहीही न करता आठ बाय बाराचा प्रिंट काढून आणा, भिंतीला लावा आणि हातभर अंतरावरून पाहा. घरातल्या दोघातिघांनाही दाखवा आणि त्यांना काय दिसते ते विचारा. त्यांची उत्तरे लिहून ठेवा, मग वाचायला बसा.